काल काय चुकलं, हे विचारणाऱ्या सुमनताई

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. अकोल्याच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा त्या तिथल्या मेट्रन, म्हणजे प्रमुख परिचारिका होत्या. रोज सकाळी पाळी बदलताना त्या सगळ्यांना वॉर्डातल्या फळ्यापाशी उभं करून एकच प्रश्न विचारत, "काल काय चुकलं?" दुसऱ्याच दिवशी मी ऐटीत म्हणाले, "काहीच नाही." ताई शांतपणे म्हणाल्या, "मंग तू नीट पाह्यलं नसन."

त्या पाच मिनिटांत कुणाला रागावलं जात नसे. चूक फळ्यावर येई आणि तिच्यातून नियम ठरे. रुग्णाची खाट बदलली, की दोघींनी त्याचं नाव मोठ्याने वाचायचं आणि कागद त्याच्यासोबतच हलवायचे, हा नियम असाच झाला.

मग कोरोना आला. गर्दी नको म्हणून ती पाच मिनिटं बंद झाली आणि फळ्यावर ऑक्सिजन सिलिंडरचा हिशेब आला. माणसं मरत असताना सुधारणा कसल्या करायच्या, असं आम्हाला वाटू लागलं. नियम कुणी मोडले नाहीत, ते आपोआप सुटले.

अशात एका सकाळी वरूडचे आणि मूर्तिजापूरचे अशा दोन आजोबांच्या खाटांची अदलाबदल झाली. कागद जागीच राहिले. त्यांतले एक वारले आणि मी खाटेचा नंबर पाहून वरूडला फोन करून ते गेल्याचं सांगितलं. मूर्तिजापूरला मात्र "तब्येत बरी आहे" असं कळवलं. दुपारी वरूडचे आजोबाच मला म्हणाले, "बाई, घरी फोन लावून दे, मले पोराशी बोलाचं हाये."

वारले होते ते मूर्तिजापूरचे आजोबा. ताई दोन्ही घरी स्वतः गेल्या. "चाल," म्हणाल्या, पण माझा पाय उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला आवारात लांब लांब उभं केलं. "पह्यली चूक माही. हे पाच मिनिटं म्या बंद केले." चौकशीतही त्यांनी हेच लिहून दिलं. मी राजीनामा पुढे केला, तर तो परत देत म्हणाल्या, "तू गेली तं चूकही तुह्यासंगं जाईन. मंग बाकीच्यायले सांगन कोन?"

तेव्हापासून प्रत्येक नव्या परिचारिकेला मी ती चूक सांगते. पण मूर्तिजापूरला जाण्याची हिंमत मात्र इतकी वर्षं झाली नाही. ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहायचं ठरलं, तेव्हा त्याआधी तिथे गेलंच पाहिजे असं वाटलं. मागच्या रविवारी गेले. आजोबांच्या मुलीने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"तुमच्या मॅडम तवा म्हने, ते पोरगी येईन, तिले वेळ लागन. आमी लय दिवस वाट पाह्यली," ती म्हणाली आणि दारातून बाजूला सरली. आत आजोबांचा फोटो होता. त्यापुढे मी हात जोडले आणि त्यांची क्षमा मागितली.

ताईंनी माझ्या वतीने शब्द दिला होता आणि मला कधी कळूही दिलं नाही. आमच्यासारख्यांना एक उंबरठा ओलांडायला वर्षं लागतात, तोवर आमच्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी लागतं. म्हणून सुमनताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मागणं मी त्यांच्याहून अधिक आमच्यासाठी मागते आहे.