मंगळाखालची ओळ

दिवाळीनंतर प्रभाकरभाऊंचा फोन आला. "ताई, शैला गेली." एवढंच बोलले. कावीळ अंगावर काढली होती तिनं... मी बोरगाव मेघेला पोचले तेव्हा तिला नेऊनही झालं होतं. महिना उलटला, तरी माझा राग उतरलेला नाही. तो मरणावर नाही.

शैला आणि मी वर्ध्याच्या कॉलेजात एका बाकावर बसलो. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे. पण पत्रिकेत मंगळ, म्हणून एकामागून एक स्थळं परत गेली आणि शेवटी तिच्या वडिलांनी बघणंच सोडलं. ती भावाकडेच, प्रभाकरभाऊंकडे राहिली, शिकवण्या घेत राहिली, कम्प्युटर शिकली. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तिनं पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा मी चिडले. "ज्यानं तुझं वाटोळं केलं, तेच काऊन करून राह्यली?"

"लोक पत्रिका पाहणं सोडणार नाईत," ती म्हणाली. "मंगळ दिसला का गुरुजी तिथंच थांबते. पुढचे परिहार कोणी वाचत नाई. माझा प्रोग्राम वाचून दाखवीन त्याईले."

मंगळ असूनही दोष कधी धरायचा नाही, याचे जुन्या पोथ्यांत बरेच नियम आहेत. ते सगळे तिनं त्यात घातले. मंगळ निघाला, की लगेच खाली परिहाराची ओळ छापून यायची. एक सीडी, एक पुस्तिका, पुठ्ठ्याचा डबा. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट... एसटीनं जाऊन विवाह मंडळांत ती स्वतः तो प्रोग्राम बसवून द्यायची. त्या ओळीमुळे अनेक मुलींची लग्नं ठरली. त्यांतल्या कोणी तिला अक्षत दिल्याचं मला आठवत नाही.

मग इंटरनेटवर पत्रिका जुळू लागल्या. फुकट आणि केव्हाही. मंडळांनी डबा घेणं बंद केलं, तेही तिनं सोसलं. पण सगळे बघायचे त्या वेबसाइटवर लाल अक्षरांत नुसतं 'मंगळदोष आहे' यायचं. खाली काही नाही. तिनं सगळे नियम लिहून ईमेल पाठवले. दर वेळी तेच तयार उत्तर यायचं, आपल्या सूचनेबद्दल आभार.

माझ्या मुलीचं, मधुराचं नाचणगावला जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या वडिलांनी सायबर कॅफेत पत्रिका पाहिली आणि नकार कळवला. शैला आपला छापील कागद घेऊन माझ्यासोबत त्यांच्या घरी आली.

"बाई, कम्प्युटरवर आलं, ते खोटं कसं राहीन?" ते म्हणाले.

"हा कागदही कम्प्युटरचाच आहे, भाऊ."

"हा तुमच्या घरचा. ते साऱ्या जगाचं आहे."

शैलानं कागदाची घडी घातली. परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मले वाटलं होतं, माझ्यावरच थांबन हे."

मधुरानं पुढे पत्रिका न दाखवता लग्न केलं. शैलानं मात्र कम्प्युटर पुन्हा लावला नाही. त्यानंतर तिच्याकडे गेलं, की ती भाजी निवडत बसायची आणि विषय आला की उठून आत जायची.

परवा मी तिच्या घरी गेले होते. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला उरलेल्या सीड्या सुतळीनं बांधलेल्या आहेत. पोपट फळ खातात म्हणून तिनंच बांधल्या होत्या.

"पोपट येतेतच," प्रभाकरभाऊ म्हणाले. "तिले सांगितलंतं मी, ते भीत नाईत म्हणून. तरी बांधतच राह्यली."

अर्धवट खाल्लेले पेरू खाली पडले होते. वारा आला, की सीड्या एकमेकींवर आपटत होत्या.