चोवीस पुरुष खोल

विधवा झाल्यावर आत्या आमच्याकडे डोंबिवलीला आली आणि घरी बसून मॅट्रिकला बसली. पहिल्या खेपेला शास्त्रात आपटली. यंदा पास झाली तर कल्याणच्या मुलींच्या शाळेत नोकरी, नाहीतर दीर येऊन तिला गावी नेणार, त्यांच्या घरची चूल फुंकायला. वडिलांनी तसा शब्दच देऊन टाकला होता. त्याचा मला अजून राग आहे.

"पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला बत्तीस फुटांनी वाढतो. अंतर म्हणजे वेळेचा वर्ग, गुणिले सोळा," आत्या भाकरी थापताना पुटपुटायची. पण नुसत्या पाठांतरावर तिचा विश्वास नव्हता. एका सकाळी दहा इंच दोऱ्याला किल्ली बांधून तिने मला विहिरीवर नेलं. किल्लीचा एका बाजूचा झोका म्हणजे अर्धा सेकंद, म्हणाली. मग तिने खडा सोडला. तिसऱ्या झोक्याला डुबुक वाजलं.

"दीड दिढे सव्वादोन. त्याची सोळापट, छत्तीस फूट!"

विहिरीची मालकीण, इथलीच जुनी म्हातारी, धुणं धूत होती. "फूट-बीट नाय म्हाईत. पान्यापरत सा पुरुस हाय गो बाय."

पुरुष म्हणजे उभ्या माणसाची उंची, सहा फूट. सहा सक छत्तीस! दोराला हात न लावता आत्याने विहीर मोजली होती. मला तर ती जादूगारच वाटली. त्या दिवसापासून ती प्रत्येक उत्तराचे पुरुष करून ताडून बघायची.

पेपरात नेमकी विहीरच आली: खडा तीन सेकंदांनी पाण्यावर आपटतो, तर पाणी किती खोलीवर? आत्या घरी आली ती रडवेली होऊन. घाईघाईत तिने उत्तर फुटांऐवजी पुरुषांतच लिहिलं होतं, 'चोवीस पुरुष'.

वडील खो खो हसले.

"हसू नकोस रे दादा. मला परत जायचं नाहीये."

निकाल लागला तेव्हा आत्याला शास्त्रात पासापुरते मार्क होते, एकही जास्त नाही.

पुढे कल्याणच्या शाळेत मी तिच्याच वर्गात आले. तेच गणित तिने परीक्षेत घातलं. मी नुसतं १४४ लिहिलं. तिने लाल पेन्सिलीने भोपळा दिला. घरी मी भांडले, "आकडा बरोबर आहे ना! तुला नाही का कुणी सोडलं?"

"सोडलं," आत्या म्हणाली. "नसतं सोडलं तर आज मी दिराच्या चुलीपुढे असते. तुझ्या वाट्याला तसा तपासनीस येईलच असं नाही."

मी वही ओढली आणि १४४ च्या पुढे 'फूट' लिहिलं.