झोपेतली नाडी
परवा दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मला मिरजेच्या इस्पितळातली ती खाट आठवली. पासष्टची लढाई चालू होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक जण फौजेत. नुसतं बसलं तरी माझी छाती धडधडायची, हात कापायचे. सासूबाई म्हणायच्या, "आगं, नवरा लढाईवर हाय, काळीज धडधडायचंच. समद्या आळीचं धडधडतंय." मलाही ते पटायचं, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायचा. लढाई थांबली, हे रजेवर आले, समोर बसून भाकरी खाऊ लागले, तरी धडधड थांबेना. आता ती कुणाला सांगायची आणि कशाच्या नावावर? एकदा फळीवरचं भांडं काढताना माझ्या वाळलेल्या हातावरची बांगडी पार कोपरापर्यंत घसरलेली ह्यांनी पाहिली आणि मला मिरजेला नेलं. तिथं दुपारी माझा डोळा लागल्यावर नर्सनं नाडी मोजली. डॉक्टर ह्यांना म्हणाले, "काळजीची नाडी झोपेत शांत होते. हिची झोपेतही एकशे वीसनं पळतेय. गळ्यातल्या ग्रंथीचा आजार आहे, औषधानं बरा होईल." परतीच्या एसटीत हे हसून म्हणाले, "म्हंजी ती धडधड माझ्यासाठी न्हवतीच म्हण की." मी घसरलेली बांगडी मनगटावर ओढून घेतली. हे जाऊन आता दोन महिने झाले. परवा डॉक्टरांनी मनगट धरलं, म्हणाले, "बहात्तर. अगदी शांत आहे, आजी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.