पंपाचा निबंध

सत्तराव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. रोह्याच्या एका कॉलेजात रविवारी दुपारी विश्लेषणात्मक लेखनाचा वर्ग सुरू झाला, आणि पेणच्या घरात माझा वेळ जात नव्हता. शिवाय मी एकतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. मला तिथे बहुधा शिकवायलाच उभं करतील, असंही मनात होतं.

तसं काही झालं नाही. वर्गात धाटावच्या कंपन्यांतली सात-आठ मुलं होती, निम्मी शिफ्ट संपवून थेट आलेली आणि डोळे उघडे ठेवून झोपणारी. शिकवायला मॅडम, माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान. यंत्रांमुळे माणसांच्या कामाचं काय होतं, यावरचा एक लेख त्यांनी दिला आणि लेखकाचं म्हणणं तपासून पाहा म्हणाल्या. परतीच्या गाडीत कासू स्टेशन यायच्या आत माझा निबंध तयार होता. त्यासाठी लेख वाचायची गरज भासली नाही. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी विज्ञान शाप की वरदान हे आपल्याच हाती आहे. शाळेत हाच निबंध मी फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं तो पाठ करायची आणि मी तपासायचो, म्हणजे स्वतःचंच लेखन वाचून स्वतःला मार्क द्यायचो. निकाल उत्तम लागायचा.

पुढच्या रविवारी मॅडमनी तो मला वर्गात वाचायला लावला. मागच्या बाकावरच्या मुलाने अगदी सभ्यपणे विचारलं, "काका, हा मोबाइलकडून लिहून घेतला का? तो असंच लिहून देतो."

मला राग आला. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मोबाइल यायच्या कितीतरी आधी पेणमध्ये तो उद्योग मीच करत होतो. मॅडमनी वहीत एकच ओळ लिहिली होती: यात तुम्ही स्वतः पाहिलेलं काय आहे?

पाहिलेलं होतं. माझ्या आठवीच्या वर्गात धरमतरच्या खाडीकडची एक मुलगी होती. आईबाप मिठागरावर कामाला. एकदा फळ्यावरचा निबंध उतरवायचा सोडून तिने मिठागरावर नव्या आलेल्या पंपावर लिहिलं. पूर्वी आई पाणी उपसायची. आता पंप उपसतो आणि आई त्याच्यासाठी डिझेलचा डबा डोक्यावर घेऊन बांधावरून येते. मग पंपाने नक्की कोणाचे कष्ट वाचवले, हे पंपाच्या मालकाला विचारलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी खाली 'विषयांतर' असं लिहून दहापैकी चार दिले. वर तो वर्गात मोठ्याने वाचला आणि डिझेलच्या डब्यापाशी थांबून पोरांना हसायला वेळ दिला. त्या वर्षानंतर ती शाळेत आली नाही.

याहून वाईट पुढे आहे. निवृत्तीच्या सत्कारात भाषणाला काही सुचेना, तेव्हा मला ही मुलगी आठवली. भाषणातल्या गोष्टीत मी तिचा निबंध वाचून गहिवरलो, तिला दहापैकी दहा दिले आणि वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. शाळेच्या स्मरणिकेत ते छापून आलं. पुढे इतक्या सभांत सांगितलं की टाळ्या कुठे पडतात ते मला पाठ झालं.

मॅडमची ती ओळ वाचल्यावर दोन दिवसांनी मी तिच्या गावी गेलो. ती दारात सुका जवळा निवडत बसली होती, केस अर्धे पिकलेले. मी सगळं कबूल केलं आणि आता खरं काय ते लिहून छापायचं म्हणतो, असंही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"ठाव हाय," ती म्हणाली. "मी व्हते ना वर्गात."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. स्मरणिका त्या गावातही पोचली होती. सुनेने ती शेजारणींना वाचून दाखवली, आणि तेव्हापासून गावात ती दहापैकी दहावाली होती. बचत गटाचे अर्ज बायका तिच्याकडूनच लिहून घेत. तिनेही कधी खरं सांगितलं नव्हतं. मी खरं लिहिलं की तिचे सहा मार्क जाणार होते.

नको म्हणालीस तर लिहीत नाही, असं मी म्हटलं. म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही नोंदवून ठेवतो.

"मार्कांचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "सर, पंपाचं मी लिवलं त्यात चुकलं काय व्हतं?"

"काही नाही."

"मग चार का?"

एकतीस वर्षांत कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता; विचारायची पद्धत मीच ठेवली नव्हती. "फळ्यावरच्याशी जुळत नव्हतं," मी म्हणालो. "वेगळं लिहिलेलं मला वाचताच येत नव्हतं."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "हे लिवा. सा गेले तरी चालतील. बायका अर्ज लिवायला येतीलच, दुसऱ्या कोणाचं अक्षर धड हाय?"

मी शाळेला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. आठवड्याने तिथल्या एका तरुण शिक्षकाचा फोन आला. पत्र हृदयस्पर्शी आहे, पण स्मरणिकेच्या यंदाच्या अंकाच्या विषयाला धरून नाही, असं तो आदराने म्हणाला. अंक विज्ञानावर आहे. त्यापेक्षा शाप की वरदानवर दोन पानं देता का? तुमच्या वेळचा निबंध आम्ही अजून मुलांना देतो, सर.

म्हणून इथे लिहितो. तिला दहापैकी चार मिळाले होते. पंपाच्या मालकाला अजून कोणी विचारलेलं नाही.