दातवाल्या पक्ष्याचे हमीदसाहेब

आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी नारायणगुड्याला लक्ष्मीकडे जमलो, की किस्से कुणी सांगावे लागत नाहीत. एकाचं शेपूट धरून दुसरा आपोआप येतो. चहा निवतो, पोरं-सुना कंटाळून आत जातात, आणि गाडी शेवटी पोचते ती हमीदसाहेबांवरच. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे ते. देवानं आमच्या नशिबात काय काय लिहिलं असेल ते असो, पण हा माणूस लिहिला, याबद्दल त्याचे आभार!

* * *

पहिल्याच तासाला साहेबांनी टेबलावर प्लास्टरची एक लादी ठेवली. जर्मनीत दगडात सापडलेल्या प्राचीन पक्ष्याच्या ठशाची ती नक्कल.

"बोलो, क्या है ये?"

मी म्हणाले, "सरडा. तोंडात दात आहेत, हाडांचं लांब शेपूट आहे."

लक्ष्मी म्हणाली, "पक्षी! पिसं दिसत नाहीत का तुला?"

आमची जुंपली. साहेब मजेत ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोनों सही. आधा सरडा, आधा परिंदा. कुदरतला घाई नसते, बेटा. घाई तुम्हालाच!"

* * *

साहेब आमच्या अप्पांचे दोस्त. विद्यानगरला आमच्या घरी यायचे. एकदा त्यांनी आईला या पक्ष्याचं चित्र दाखवलं.

"अगंबाई, पक्ष्याला दात? मग गेले कुठे?"

"ताई, बहोत जमाना लगा. काही लोक म्हणतात, दात जड. ते गेले, चोच आली, तोंड हलकं झालं, उडणं सोपं झालं."

आई म्हणाली, "माझे दोन गेले. मी तर अजून जमिनीवरच आहे!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्गात सांगितलं, "इस थिअरीवर काल एका विदुषींनी एतराज घेतला." आणि तो फळ्यावर लिहिलासुद्धा!

* * *

रझाकारांच्या धामधुमीत कॉलेज बंद पडलं. नक्कल फुटेल म्हणून साहेब ती चादरीत गुंडाळून रिक्षातून घरी नेत होते. बेगम बाजारापाशी बंदूकवाल्यांनी अडवलं.

"क्या है इसमें?"

"परिंदा."

"जिंदा?"

"नहीं, इंतकाल हो गया."

"कैसे?"

"शायद डूब के."

बंदूकवाल्यानं हळहळून मान हलवली. "जाओ, मियाँ. दफना दो."

* * *

संस्थान भारतात आलं, आणि पुढं कॉलेजात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. आम्ही धास्तावलो. सगळे शब्द उर्दूत पाठ केलेले! साहेब स्वतः रात्रंदिवस इंग्रजी शब्द घोकायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. लक्ष्मी रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रोना नक्को. परिंद्याला कोणत्याही भाषेत हाक मारा, दात तेवढेच!"

आम्ही सगळ्या पास झालो.

* * *

आता शेवटचा. हा सांगताना लक्ष्मीसुद्धा मधे बोलत नाही.

पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. कालपर्यंत आम्ही भ्यायचो, आता साहेबांच्या गल्लीतले लोक भ्यायला लागले. अप्पा जाऊन साहेबांना आणि त्यांच्या बेगमना आमच्या घरी घेऊन आले. अप्पा बाहेर गेले असताना काठ्या घेतलेली माणसं दारात आली.

"घरात कोण आहे?"

आई उंबऱ्यात उभी. "माझा भाऊ आणि भावजय."

"काय करतो भाऊ?"

आईला आणखी खोटं सुचेना. "शिकवतो. पूर्वीच्या पक्ष्यांना दात होते, ते."

माणसं खो खो हसली. "पक्ष्याला कुठं दात असतात होय?"

आतून खणखणीत आवाज आला, "जी हाँ, थे!"

हसणं थांबलं. पुढचा माणूस आत डोकवायला लागला.

आई जागची हलली नाही. "ऐकलंत? सरकारी कॉलेजात उर्दूतून शिकवून शिकवून जीभ अशी झालीय. घरात मराठी बोल म्हणून मी रोज कानीकपाळी ओरडते!"

ती माणसं पुन्हा हसली. "मास्तर येडा आहे," म्हणत निघून गेली.

आईनं कडी लावली आणि भिंतीला टेकली. साहेब बाहेर आले. मान खाली. म्हणाले, "माफ करना, ताई. गलत बात बर्दाश्त नहीं होती."

त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं नसताना हमीदसाहेब आले. बूट काढले, टोपी नीट केली आणि पाटावर जाऊन बसले.

आई तबक आणायला आत गेली.