पडद्यावरचा ताड

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मनोरीच्या कोळीवाड्यात असल्या गोष्टी ऐकतच वाढले, पण सांगणाऱ्याची टिंगल करण्यात मी पहिली. इंजिनिअर झाल्यावर तर बघायलाच नको. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

मी अंधेरी ईस्टला नोकरी करते. धुक्यात पायलटला बाहेरचं दिसेनासं होतं, तेव्हा त्याच्या समोरच्या स्क्रीनवर डोंगर, किनारा, रनवे, उंच टॉवर असं सगळं चित्र उभं करणारी सिस्टीम आम्ही तपासतो. सिंथेटिक व्हिजन म्हणतात तिला. यात कॅमेरा नसतो. डेटात जे भरलंय तेवढंच दिसतं. आणि झाडं आम्ही भरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता बाबाचं. माझा बाबा छोटी होडी घेऊन एकटाच मासेमारीला जायचा. जीपीएस मीच घेऊन दिला होता, पण तो डब्यातच पडून असायचा. बाबाची खूण म्हणजे आमच्या परसातला ताड. किनाऱ्यावर धुकं असलं तरी त्याचा शेंडा वर दिसायचा, आणि त्याच्या रोखाने आलं की खडक चुकायचे. एका वादळात तो ताड दक्षिणेकडे वाकला, अगदी आमच्या छपरावर. मी कितीदा म्हटलं, तोडूया. बाबा ऐकेल तर शपथ.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, तो दोन दिवसांसाठी समुद्रात गेला आणि मी माणूस बोलावून ताड तोडून घेतला. म्हटलं, आल्यावर चिडेल, मग मी समजूत काढेन.

तो परतायच्या सकाळी दाट धुकं होतं. होडी खडकांवर फुटलेली सापडली. बाबा सापडलाच नाही.

आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. ताडाचा विषय आमच्यात पुन्हा निघालाच नाही. तिने हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या नाहीत, दिवसकार्यही करू दिलं नाही. काका समजवायला आले की म्हणायची, "बघितलंय का कुणी त्याला गेलेलं?"

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास सिम्युलेटरवर टेस्ट चालू होती. आमचे कॅप्टन, रिटायर्ड पायलट, विमान समुद्रावरून किनाऱ्याकडे आणत होते. बाहेर नुसतं पांढरं धुकं लावलेलं. मी मागे उभी.

"मनोरीला हा टॉवर कधी झाला?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. किनाऱ्यावर एकच उंच, काळी रेघ. आमच्या स्क्रीनवर टॉवर नेहमी सरळ उभे असतात, तिरके काढायची सोयच नाही. हा वाकला होता... दक्षिणेकडे. विमान पुढे गेलं तशी ती रेघ बाजूने मागे सरकली आणि दिसेनाशी झाली.

त्या जागेचा सगळा डेटा मी तपासला. काहीच नव्हतं. मग रेकॉर्डिंग लावलं. कॅप्टनचा प्रश्न स्पष्ट ऐकू येतो, पण किनारा मोकळा आहे.

हाफ डे टाकून मार्व्याला गेले, मनोरीची फेरीबोट पकडली. आई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, आणि तीन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं तेही बोलले – की बाबा माझ्यामुळे गेला. ढसाढसा रडले मी.

आईने बोंबील बाजूला सारले. मग म्हणाली, "तोडणाऱ्याला चहा मी केला होता गं. मी नको म्हटलं असतं तर तू तोडला असतास? एकटीवर नको घेऊस."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि धुक्यात दिसला ना ताड? नीट दिसला?"

मी म्हटलं, हो, शेंड्यापर्यंत.

"मग त्यालाही दिसला असेल. आला असेल तो घरी."

त्याच संध्याकाळी तिने काकांना बोलावून बाबाचं कार्य करायला सांगितलं. बांगड्या तिने स्वतःच उतरवल्या, एकेक करून, माझ्या हातात दिल्या.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. डोळ्यांचा भास म्हणावा तर दोघांना एकच भास कसा होईल? मी तो प्रयोग त्याच मार्गाने, त्याच धुक्यात कितीतरी वेळा करून पाहिलाय. किनारा मोकळाच दिसतो.

परवा कॅप्टननी सहज विचारलं, "तो मनोरीचा टॉवर डेटातून काढलास का?"

हो म्हटलं. काढला मीच.