दोन मिनिटांचं काम

शैलाताई गेल्याचं मला भाऊजींचा फोन येण्याआधी तिच्या शिक्षणसंस्थेकडून कळलं. सातपूरच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चहा घेत होतो, तेवढ्यात क्लार्कचा मेसेज आला, ‘सर, हा फोटो लगेच साइटवर टाका.’ उघडला, तर काळ्या चौकटीत माझी मावसबहीण आणि खाली चार ओळींची श्रद्धांजली. संस्थेची वेबसाइट मीच बनवलेली, मीच सांभाळतो. फोटो टाकला आणि मग सिडकोत तिच्या घरी धावलो. संध्याकाळी तिची मैत्रीण मंगलाताई, तिच्यासारखीच दृष्टिहीन, फोनवर विचारत होती, “दादा, काय लिहिलंय हो तिच्याबद्दल? माझा फोन नुसता ‘चित्र’ म्हणतोय आणि गप्प बसतोय.” मजकूर चित्राच्या पोटात होता, डोळसांपुरता. मी वाचून दाखवायला लागलो, ‘अंधत्वावर मात करणाऱ्या जिद्दी शिक्षिका...’ आणि आवाज चढलाच. हा राग कुणावर, ते लिहायला दीड महिना लागला.

तिशीत ताईची नजर हळूहळू गेली. ती इतिहास शिकवायची, पुढेही शिकवतच राहिली. अंधत्वाशी तिचं रोजचं असं काही भांडण नव्हतं. तिचा लॅपटॉप उघडा असायचा, पण पडदा कायम काळा. “वीज कुणासाठी जाळू?” म्हणायची. बोटं कळांवर, कानात पडद्यावरचं वाचून सांगणारा आवाज, आणि तो इतका भरभर की मला एक शब्द कळायचा नाही. “तुम्हा डोळसांचे कान फार सावकाश चालतात रे, सुध्या,” असं चिडवायची.

चार वर्षांपूर्वी तिच्याच शाळेत मुख्याध्यापकाची जागा निघाली. अर्ज फक्त ऑनलाइन, माझ्या साइटवर. जाहिरात मी जुन्या फॉन्टमध्ये चढवलेली. डोळ्यांना शुद्ध मराठी, यंत्राला इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा. ताईचा फोन आला, “तुझी जाहिरात मला शिव्या घालतेय. कुठल्या भाषेत ते कळलं की उत्तर देते.” मी हसलो. ती मग कामाचं बोलली, “जाहिरात मी शाळेत वाचून घेतली. अर्ज मात्र मीच भरणार. सगळा भरला, पण खाली तीन बटणं आहेत आणि हा वाचणारा बाबा नुसतं बटण, बटण, बटण म्हणतोय. ना नाव, ना गाव. कोणतं दाबू?”

ती बटणं म्हणजे मी बनवलेली सुबक चित्रं होती. पुसा, जतन, पाठवा. मागे प्रत्येकाचं नाव लिहायचं, म्हणजे यंत्र ते बोलतं. मी लिहिलं नव्हतं. म्हणालो, “ताई, कुणाकडून तरी भरून घे ना. दोन मिनिटांचं काम.”

ती म्हणाली, “दोन मिनिटांचंच आहे ना? मग तू कर.”

“बघतो,” म्हणालो.

बघितलं नाही. तिने पहिलं बटण दाबलं, अर्ज पुसला गेला. पुन्हा सगळा भरला आणि दुसरं दाबलं. तिथे हिरवी खूण उमटते, तीही बिननावाची, म्हणून यंत्र नुसतं ‘चित्र’ म्हणालं. अर्ज गेला असं समजून तिने भाऊजींना पेढे आणायला सांगितले. तो नुसता जतन झाला होता.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो न पाठवलेला अर्ज मला माझ्या संगणकावर दिसला होता. नावासकट. एक फोन केला असता तर... नाही केला. मनात आलं, बरंच झालं. ही कशी सांभाळणार एवढी शाळा? बहिणीबद्दल मी हे मनात म्हणालो, चहाचा घोट घेत. मुलाखतीच्या यादीत नाव नाही म्हणून तिने संस्थेत विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, अर्ज पोचलाच नाही. कुणाकडून भरून घ्यायचा ना!” माझंच वाक्य. त्यानंतर तिने हा विषय माझ्याकडे कधी काढला नाही.

शोकसभेत अध्यक्षांनी ‘जिद्द’ हा शब्द किती वेळा उच्चारला! अहो, कसली जिद्द? तीन शब्द लिहायचा कंटाळा मी करायचा, साइटच्या तळाशी ‘दिव्यांगांसाठी सुलभ’ अशी पाटी मीच लावायची, ती कुणी तपासायची नाही, आणि मात करायची ताईने? तिला अंधत्वाने नाही अडवलं. मी अडवलं. आणि ती गेल्यावर टाळ्या वाजवायला आम्हीच पहिल्या रांगेत.

परवा दुपारी भाऊजींनी तिचा लॅपटॉप पुढे ठेवला. “बघ, चालू होतो का. पडदा बिघडलाय बहुतेक.” बिघडला नव्हता. मी तो काळाच ठेवला. आदल्या दिवशी ऑफिसात तिन्ही बटणांना नावं दिली होती. घड्याळ लावलं नव्हतं, पण दोन मिनिटंही लागली नसावीत. मंगलाताईला फोनवर धरलं. तिने सांगितलेल्या कळा दाबत, चाचपडत, दहादा चुकत साइटवरच्या त्याच, आता कोऱ्या अर्जाच्या तळाशी पोचलो. तो आवाज ताईच्याच वेगाने धावत होता. एवढंच कळलं, “पाठवा, बटण.”

“आता नीट बोलतंय,” मंगलाताई म्हणाली. “दाबा की.”

माझं बोट कळेवरच राहिलं.